काचपट्टीपासून खिशातल्या फोनपर्यंत

माझ्या धाकट्या मावशीने गर्भाशयमुखाची तपासणी पूर्वी एकदाच करून घेतली होती. गावात शिबिर होते. ‘काही नाही’ असे सांगून तिच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठी देवघरातल्या डब्यात गेली आणि घराचे पत्रे बदलताना डबाच हरवला. गेल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणी केली. अहवाल आल्यावर त्यांनी फोन काढला, एक ॲप उघडले आणि विचारले, ‘‘मावशी, आधीची तपासणी?’’ ‘‘झाली होती की!’’ मावशी म्हणाली. बाईंनी ‘माहीत नाही’ या पर्यायावर बोट टेकवले.

मी डॉक्टर नाही. जुने कागद वाचण्याचा नाद आहे, एवढेच. पण फोनला मावशीचा भूतकाळ कशाला हवा, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

सुरुवात अर्थातच जॉर्ज पापानिकोलाऊपासून. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या या ग्रीक संशोधकाने योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर पसरून पाहिल्या. त्यासाठी त्याची पत्नी अँड्रोमाकी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देत होती. चाचणीला नाव मात्र एकट्या नवऱ्याचे मिळाले. १९२८ साली त्याने निष्कर्ष मांडले तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४१ साली हर्बर्ट ट्राउटबरोबरचा निबंध आल्यावर वारे फिरले. ही चाचणी फक्त आजची पेशी बघत होती. बाई काल कशी होती, हा प्रश्न काचपट्टीला पडत नव्हता.

पुढची अडचण भाषेची. एकच पेशी एका प्रयोगशाळेत एका नावाने, दुसरीत दुसऱ्या. १९८८ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे समान शब्दावली ठरली. २००१ साली कॉल्पोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहण्याच्या, क्षेत्रातील संस्थेने (तिचे आद्याक्षरी नाव एएससीसीपी) कोणत्या निकालानंतर काय करायचे याचे तक्ते बनवले. चौकटी आणि बाण. २००६ आणि २०१२ साली ते सुधारले गेले आणि दर वेळी बाण वाढले, कारण एव्हाना एचपीव्ही विषाणूची चाचणीही आली होती. दवाखान्यात बाहेर रांग असताना एवढे बाण लक्षात ठेवणे कोणालाही अवघडच होते.

म्हणून २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बाण बाजूला सारून टक्केवारी घेतली. कर्करोगाच्या अगदी अलीकडची किंवा त्यापुढची अवस्था आत्ताच असण्याचा धोका ४ टक्के वा अधिक असेल, तर कॉल्पोस्कोपी. कमी असेल, तर ठरावीक काळाने पुन्हा तपासणी. हे कोष्टक इतके मोठे की ते कागदावर हाताळता येईना. वय, आजचे निकाल, मागचे निकाल भरले की पुढचे पाऊल सांगणारे ॲप ही त्यामुळे चैन राहिली नाही.

आता मावशीचेच उदाहरण घ्या. अहवालात विषाणू होता आणि पेशींत किंचित, अनिश्चित बदल. मागची एचपीव्ही चाचणी निर्दोष असल्याची नोंद असेल, तर हा धोका सुमारे २ टक्के, वर्षाने या. इतिहास माहीत नसेल, तर तोच ४ टक्क्यांच्या वर जातो, कॉल्पोस्कोपी करा. अहवाल तोच, सल्ला वेगळा. अर्थात हरवलेल्या चिठ्ठीवर एचपीव्हीचे नाव होते की नुसते डोळ्यांनी पाहिल्याचे, हेही मावशीला आठवत नाही.

हे आकडे आले उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेच्या दप्तरातून. २००३पासून पंधरा लाखांहून अधिक स्त्रियांच्या लागोपाठच्या तपासण्या तिथे नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे असे दप्तर कुठे, असे मी म्हणणार होतो, पण बार्शी आठवली. १९८७पासून तिथली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांतून माणसे पाठवून रुग्ण शोधत आली आहे. याच भागातल्या अनुभवावर १९९९ साली आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट. एकाला एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप, एकाला आम्लाचे द्रावण लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्याला नेहमीची, म्हणजे जवळपास नसलेलीच, व्यवस्था. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू होते, चौथ्या गटात ६४. एकाच फेरीच्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला आपल्या खेड्यांतल्या बायांनी दाखवले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावरून पुढे वाद झाला. माझ्या मते तो व्हायलाच हवा होता.

आणि तरीही २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के. उरलेल्यांसाठी ॲपमध्ये भरायला मागचा निकालच नाही.

मावशीची कॉल्पोस्कोपी निर्दोष निघाली. अहवालाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. मूळ कागद मावशीने पुन्हा डब्यातच ठेवला आहे. या वेळी डबा पत्र्याचा आहे आणि तो कुठे ठेवलाय, हे तिने तिच्या सुनेलाही सांगून ठेवले आहे.