घटिकापात्रातला मोती

लीलावतीची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. भास्कराचार्यांच्या या लाडक्या लेकीच्या पत्रिकेत वैधव्ययोग होता. आचार्यांनी बारकाईने गणित करून एक मुहूर्त काढला. नेमक्या त्या घटकेला लग्न लागले तर तो योग टळणार होता. घंगाळात घटिकापात्र सोडले गेले. नवऱ्या मुलीला राहवले नाही, ती कौतुकाने वाकून पाहू लागली, आणि तिच्या अंगावरच्या दागिन्यातला एक मोती सुटून पात्रात पडला. त्याने पात्राचे भोक बुजले. पात्र बुडेना, घटका भरेना. ध्यानात आले तोवर मुहूर्त निघून गेला होता. दुःखी लेकीच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला आणि तिला अमर केले.

गोष्ट मोठी गोड आहे. पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. त्यांचा ग्रंथ इ. स. ११५० चा. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली त्याचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. मधे ४०० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा इतिहास म्हणून तिला फारशी किंमत नाही. तथापि लोकांना एखादी गोष्ट का आवडते, हाही इतिहासाचाच विषय आहे.

या गोष्टीत शास्त्राची हार कशी होणारच नाही ते पाहा. लग्न वेळेवर लागून मुलगी सुखात नांदली असती तर लोक म्हणाले असते, ‘मुहूर्ताचा प्रताप!’ लग्न हुकले, तर भाकीत खरे ठरले. दोष काय तो मोत्याचा! आपल्या जोतिषविद्येचा इतिहास चाळू लागलो की असे मोती जागोजाग सापडतात. कधी जन्मवेळ चुकलेली असते, कधी पंचांग चुकीचे असते, तर कधी यजमानाची श्रद्धा कमी पडलेली असते. पोथीतच काही चुकले असेल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पण ही खोड आपल्या विद्येच्या रक्तातच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दैवज्ञाची लक्षणे सांगताना त्याच्याकडून गणिताच्या ज्ञानाची केवढी अपेक्षा केली आहे! शास्त्र न जाणता नुसती भाकिते सांगत फिरणाऱ्यांना त्याने ‘नक्षत्रसूचक’ म्हणून धिक्कारले आहे. आणि आपल्या कोकणात तर याहून उजळ उदाहरण घडले.

मुरुड-जंजिऱ्याजवळ समुद्रकाठी नांदगाव म्हणून गाव आहे. तेथे केशव दैवज्ञ नावाचे विद्वान राहत. ग्रहकौतुक हा त्यांचा ग्रंथ शके १४१८ म्हणजे इ. स. १४९६ चा. केशव दैवज्ञ नुसते पोथीवर विसंबून राहणारे नव्हते. रात्री आकाशाकडे पाहून ते ग्रहांचे वेध घेत. ब्राह्म, आर्य, सौर अशा निरनिराळ्या सिद्धान्तांवरून आलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत हे त्यांना दिसले, आणि ते त्यांनी लिहून ठेवले. पुढच्या गणकांनीही प्रत्यक्ष आकाश पाहून गणित सुधारीत जावे, असे सांगून ठेवले. ऋषींच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांत फरक पडला आहे असे लिहायला त्या काळी किती धीर लागला असेल!

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, त्यांनी ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. त्या वेळी ते अवघे १३ वर्षांचे होते असे परंपरा सांगते. गणेश दैवज्ञांनी वडिलांच्या वेधांचा आधार घेतला आणि गणित इतके सोपे केले की, ज्या-चापाची कटकटच उरली नाही. ११ वर्षांचे म्हणजे ४,०१६ दिवसांचे एक चक्र धरून खेड्यातला साधा जोशीही बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारावर ग्रह काढू शकू लागला. महाराष्ट्रभर आणि बाहेरही ग्रहलाघवाचे राज्य झाले.

येथेच नियतीने थोडी थट्टा केली. वेधातून जन्मलेला ग्रंथ हाती येताच लोकांनी वेध घेणे सोडले! काम इतके सुलभ झाले की मान वर करण्याचे कारण उरले नाही. बापाने जे सांगितले, ते लेकाच्या यशाखाली झाकून गेले. शंभर वर्षे गेली, दोनशे गेली, तीनशे गेली. ग्रह आपल्या गतीने जात राहिले, आणि जोशीबुवा मांडीवरच्या कागदावर त्यांना दुसरीकडे बसवीत राहिले.

ही झोप मोडली ती केरो लक्ष्मण छत्रे यांनी. नाना पूर्ववयात कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले आणि पुढे पुण्यास गणिताचे नामांकित प्राध्यापक झालेले. लोकमान्य टिळकांना गणिताची गोडी लागली ती त्यांच्यापाशी. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ म्हणजे १८६५ पासून आकाशाशी जुळणारे पंचांग छापले जाऊ लागले. तेच पटवर्धनी पंचांग. त्याचे स्वागत झाले असेल असे आपणांस वाटेल. पण शास्त्रीमंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

त्यांचा एक आक्षेप पाहण्यासारखा आहे. ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा जुना संकेत होता. तिथी ६० घटिकांची धरली तर ती फार तर ५ घटिकांनी वाढावी आणि ६ घटिकांनी घटावी. पण खऱ्या चंद्रावरून गणित केले की तिथी कधी ५० घटिकांपर्यंत खाली येते, तर कधी ६७ घटिकांच्या जवळ जाते. शास्त्री म्हणाले, हे नियमाबाहेर आहे, तेव्हा नवे पंचांग अशास्त्र! जणू चंद्राने पोथी विचारून पाऊल टाकायला हवे होते. त्यांचीही अडचण खोटी नव्हती. श्राद्धे, एकादश्या, व्रते सारी तिथीवर चालायची. आजवरच्या तिथी चुकल्या असे एकदा कबूल केले की यजमान विचारणार, ‘मग माझ्या वडिलांचे श्राद्ध कोणत्या दिवशी झाले?’ चूक कबूल करण्याची भीती ही बहुधा अशी दुसऱ्याला द्यायच्या उत्तराची भीती असते.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी या साऱ्याचा इतिहास लिहिला. दापोलीजवळच्या मुरुडचा हा माणूस पेशाने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण १८९६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आजही थोरामोठ्यांना उघडावे लागते. कोणाची भीड न धरता ग्रंथ नि आकाश शेजारी ठेवायचे, ही त्यांची रीत. १९०४ साली मुंबईस परिषद भरली, टिळकांनी तीत पुढाकार घेतला. वाद पुष्कळ झाले. १९५२ साली सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५५ साली तिचा अहवाल आला, आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ धरून, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. आज महाराष्ट्रातली बहुतेक प्रमुख पंचांगे प्रत्यक्ष आकाशाला धरून आहेत. गणिताची बाजू उशिरा का होईना, पण सुधारली.

फलिताचे काय झाले? खरा प्रश्न येथेच आहे.

पटवर्धनी पंचांग निघाले तेव्हा एक अपूर्व संधी जोशीमंडळींच्या दारात चालून आली होती. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा, याबद्दल नव्या नि जुन्या पंचांगांत सुमारे ४ अंशांचा फरक होता. टिळकांच्या नावाने चालणारे पंचांग आजही तो पक्ष धरून आहे. म्हणून त्यातली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीऐवजी १० च्या सुमारास येते, आणि काही वर्षी अधिक मास निराळा पडून सणांत महिन्याचे अंतर होते. आता हे ४ अंश पत्रिकेत काय करतात ते पाहू. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे. ४ अंश म्हणजे नक्षत्राचा तीनदशांश भाग. शुक्राची महादशा २० वर्षांची; तिचा आरंभ नि शेवट यामुळे ६ वर्षे मागेपुढे होतो. एकाच मुलाला एका पंचांगाने तिसाव्या वर्षी भाग्योदय, तर दुसऱ्याने छत्तिसाव्या!

दोन्ही पंचांगांवरून भविष्ये सांगितली गेली. दोन्हीकडच्या जोशांना अनुभव आला, दोन्हीकडचे यजमान पेढे घेऊन आले. मग दोन्ही भाकितांच्या याद्या करून कोणती किती खरी ठरली हे ताडून पाहायला काय हरकत होती? शाळेतल्या पोराला समजेल असा हा त्रैराशिकाचा हिशेब. पण तसा हिशेब ठेवण्याचा रिवाज या व्यवसायात पडलाच नाही. अयनांशाच्या वादात शब्दांची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि निकाल देऊ शकणारी टिपणवही कोरीच राहिली.

याचे एक कारण जुन्या गावगाड्यात आहे. ग्रामजोशी हा वतनदार. भाकीत खरे ठरो वा खोटे, त्याचा वाटा ठरलेला. दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. ज्याचे भविष्य खरे ठरले तो आनंदाने सांगायला येतो. ज्याचे फसले तो परत येत नाही. तो दुसरा जोशी शोधतो. म्हणून वर्षाअखेर जोशीबुवांच्या कानांवर आलेले सारे अनुभव खरेच असतात. ते लबाड असतात असे नव्हे. फसलेल्या भाकितांची बातमी त्यांच्या ओसरीपर्यंत पोचतच नाही. आणि जिची बातमी आपण मुद्दाम काढीत नाही, ती चूक आपल्याला दिसायची कशी?

या न दिसण्याची किंमत कोणी भरली? मंगळाचेच घ्या. लग्नापासून १, ४, ७, ८ आणि १२ या घरांत मंगळ असला की दोष. १२ घरांपैकी ५ घरे, म्हणजे शंभर मुलींत चाळिसांहून अधिक मंगळाच्या निघायच्या! इतक्या संसारांवर सावट असते तर गावेच्या गावे ओस पडली असती. नियम तपासावा असे येथे वाटायला हवे होते. त्याऐवजी अपवाद निघाले: अमुक राशीचा मंगळ चालतो, गुरूची दृष्टी असली तर चालतो, मुलालाही असला तर चालतो. प्रत्येक अपवाद हा घटिकापात्रातला एकेक मोती. आणि ज्या मुलीला एकही अपवाद सापडला नाही, ती माजघराच्या उंबऱ्याआड बसून पाहुण्यांच्या निरोपाची वाट पाहत राहिली. तिच्या वयाची वर्षे कोणत्या पंचांगाने मोजली?

राष्ट्रीय पंचांग सुरू होऊन पाच वर्षे होत नाहीत तो फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आली. ३ ते ५ तारखांच्या सुमारास सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी नि केतू असे आठ ग्रह मकरेत जमणार होते. प्रलयाच्या वार्ता उठल्या, ठिकठिकाणी यज्ञ झाले, तुपाच्या धारा लागल्या. त्या तिन्ही दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला नि मावळला. तेव्हा म्हटले गेले, यज्ञांनी संकट टळले. पुढे ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, तेव्हा म्हटले गेले, हेच ते अष्टग्रहीचे फळ! टळलेले संकट आठ महिन्यांनी आले कसे, हे कोणी विचारायचे? आणि पुणेकरांचे संसार वाहून नेणारे पानशेतचे धरण त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा तर आठ ग्रह एका राशीत नव्हते.

टिपणवही प्रथमच नीट मांडली गेली ती २००८ साली, पुण्यात. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका तयार केल्या: १०० शाळेत हुशार ठरलेल्या मुलांच्या, १०० बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांच्या. प्रत्येक जोतिषाला ४० पत्रिका द्यायच्या नि कोणती कोणाची ते ओळखायला सांगायचे. ५१ जणांनी तयारी दाखविली, उत्तरे पाठविली २७ जणांनी. त्यांची बरोबर उत्तरे सरासरीने शेकडा ४६ भरली. सर्वांत पुढे गेलेल्याची ४० पैकी २४. विशेष म्हणण्याजोगे यश ठरायला निदान २८ हवी होती. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी याहून फार वेगळे घडले नसते.

मला त्या २७ जणांविषयी आदरच वाटतो. आपली विद्या चव्हाट्यावर तपासून घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले; केशव दैवज्ञांचे खरे वारस तेच. आकडा प्रतिकूल आला ही त्यांची नामुष्की नव्हे. नंतर त्या आकड्याकडे पाठ फिरवून ‘पूर्वीचेच बरे’ म्हणत व्यवसाय चालू राहिला, दुःख त्याचे आहे.

आज लक्ष्मीपूजनाला पेठेतला व्यापारी चोपडी पुढे ठेवून हळदकुंकू वाहील. त्या चोपडीत जमा असते आणि नावेही असते. नुसती जमेची बाजू लिहिणाऱ्या दुकानदाराला आपण शहाणा म्हणत नाही. त्याचे दिवाळे ठरलेलेच. आपल्या जोतिषांनीही या पाडव्याला अशी एक चोपडी घालावी. सांगितलेले प्रत्येक भाकीत तारखेनिशी लिहावे, आणि पुढल्या दिवाळीला ते खरे ठरले की खोटे, तेही शेजारी लिहावे. नांदगावच्या त्या वृद्ध गणकाने ५०० वर्षांपूर्वी याहून अधिक काही मागितले नव्हते.