गव्हाची मूळकूज व मातीतील रक्षक जीवाणू

गव्हाच्या मूळकूज रोगांपैकी ‘टेक-ऑल’ हा रोग विशेष विघातक होय. गोइमॅनोमायसेस ग्रामिनिस ही बुरशी मुळांत शिरून ती काळी पाडते व दाणे न भरताच ओंब्या पांढऱ्या पडतात. पिकांचा फेरपालट हा त्यावरील रूढ उपाय. तथापि एकाच शेतात वर्षानुवर्षे गहूच घेतल्यास रोग प्रथम बळावतो व पुढे आपोआप ओसरतो, असे अनेक देशांत आढळून आले. रूढ उपायाशी विसंगत अशा या अनुभवाचा उलगडा होण्यास बराच काळ लागला.

कॅनडातील सॅनफर्ड व ब्रॉडफुट यांनी १९३१ मध्ये असे दाखविले की, मातीतील काही सूक्ष्मजीव या बुरशीची रोगकारक शक्ती क्षीण करतात. परंतु तो प्रयोग निर्जंतुक मातीतील होता. पुढे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शिप्टन, कुक व सिटन यांनी दीर्घकाळ गहू पिकविलेल्या शेतातील अल्पशी माती दुसऱ्या मातीत मिसळली, तेव्हा रोगनिरोधाचा गुणही तिच्याबरोबर गेला. ६० अंश सेल्सिअस उष्णतेने तो गुण नष्ट होई. अर्थात त्याचे मूळ सजीव होते. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८३ मध्ये वेलर व कुक यांनी स्यूडोमोनास जीवाणूंचा लेप बियाण्यास देऊन रोग कमी करून दाखविला. १९८८ मध्ये थॉमॅशो व वेलर यांनी फेनाझिन हे प्रतिजैविक निर्माण करण्याची शक्ती गमावलेले जीवाणू तपासले. त्यांचे संरक्षणसामर्थ्यही घटलेले आढळले. रायमाकर्स व वेलर यांच्या १९९८ मधील संशोधनानुसार, रोगनिरोधक मातीत डायअॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल हे दुसरे प्रतिजैविक निर्माण करणाऱ्या जीवाणूंची संख्या मुळाच्या दर ग्रॅमला सुमारे एक लक्ष वा अधिक असते.

रोग ओसरण्यापूर्वी शेतकऱ्यास काही वर्षे मोठी हानी सोसावी लागते. ती टळावी, हाच बीजप्रक्रियेचा हेतू. परंतु तिचे फळ सर्व शेतांत सारखे मिळाले नाही. जीवाणू वेगळा काढणे साध्य झाले. मुळांवर त्याची पुरेशी संख्या टिकविणे हे कार्य मात्र मातीइतके निश्चितपणे कोणत्याही लेपास साधलेले नाही.