केबलवाल्याचा पट

परवा गच्चीवर सांडगे घालायला गेलो (म्हणजे सौ.ने पिटाळले म्हणून गेलो), तर कठड्याच्या कोपऱ्यातली आमची डिशची छत्री दिसली. पार गंजली आहे. नातेवाइकांपैकी ज्यांनी आमचे साताऱ्याचे घर पाहिले आहे त्यांना ती आठवत असेल. २००८ च्या दिवाळीत मोठ्या हौसेने बसवली होती. ती पाहिली आणि एक जुना हिशेब पुन्हा डोक्यात सुरू झाला. गेली कित्येक वर्षे तो मला अधूनमधून छळतो, तेव्हा म्हटले आज लिहूनच टाकावा.

आमच्या पेठेतला केबलवाला माझाच विद्यार्थी. नाव लिहीत नाही, पण आमच्या गल्लीतल्यांना सांगायला नको. दहावीला गणितात जेमतेम पस्तीस. १९९४ च्या सुमारास त्याने वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत कंट्रोल रूम थाटली. तो काळच तसा होता. १९९१ मध्ये स्टार आले, १९९२ च्या गांधी जयंतीला झी सुरू झाले आणि गावोगावची हुशार पोरे विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या झाडांवरून काळ्या वायरी ओढू लागली. सरकारने केबलचा कायदा केला १९९५ मध्ये. त्याप्रमाणे नोंदणी करायची ती मुख्य टपाल कचेरीत, ५० रुपये भरून! एवढ्या स्वस्तात या देशात दुसरा कुठला धंदा सुरू होत असेल असे वाटत नाही.

आता दराचे पाहा. त्या जुन्या वायरीतून ज्या वाहिन्या सोडायच्या त्या सगळ्या घरांत सारख्याच जात. जोशांकडे क्रिकेट बंद आणि मोऱ्यांकडे चालू, असे करायची सोयच नव्हती. म्हणून सगळ्यांना एकच दर. आमच्याकडे तो २००८ मध्ये महिना १५० रुपये होता. दर तरी कसला म्हणायचा? विधवा आजीबाईंकडून तो शंभरच घेई, फौजदारांकडून काहीच घेत नसे आणि माझ्याकडून घेताना दरवेळी मान खाली घालून "सर, राहू द्या की" म्हणे. मी अर्थातच देत असे. छापील दरपत्रक कधी कुणी पाहिले नव्हते.

डिश आपल्याकडे उशिरा आली. १९९७ मध्ये केंद्र सरकारने थेट घरावर उतरणाऱ्या प्रक्षेपणावर चक्क बंदी घातली होती. २००० च्या नोव्हेंबरात ती उठली, पण परवान्यासाठी १० कोटी रुपये प्रवेशशुल्क आणि वर उत्पन्नातला वाटा. (टपाल कचेरीतले ५० रुपये आठवा.) पहिली खासगी सेवा डिश टीव्हीची, २००३ मध्ये. ती झी समूहाची, त्यामुळे स्टार आणि सोनीच्या वाहिन्या तिच्यावर सुरुवातीला नव्हत्याच. ज्या दुकानात तूरडाळच नाही तिथे बाकीच्या किराण्याचा भाव कमी असून गृहिणीला काय उपयोग? २००४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम केला की वाहिनीवाल्यांनी मागेल त्या वितरकाला भेदभाव न करता वाहिन्या दिल्याच पाहिजेत. माझ्या मते केबलवाल्यांचे नशीब त्या कागदाने फिरले. पण तेव्हा त्याची बातमी वाचल्याचे मला आठवत नाही.

त्याच महिन्यात दूरदर्शनची डीडी डायरेक्ट सुरू झाली. ३३ वाहिन्या, एकदा छत्री-डबा घेतला की पुढे दरमहा काही नाही. पाटण तालुक्यात आमची ताई राहायची, तिच्याकडे डोंगरामुळे नीट चित्रच येत नसे. तिने ती लगेच बसवली. तिथे केबल नव्हतीच, तेव्हा कुणा केबलवाल्याचे गिऱ्हाईक गेले असे नाही. पण त्या बाजूला वायर नेण्याचे आमच्या पठ्ठ्याच्या मनात होते, ते तिथेच संपले. जिथे फुकट मिळते तिथे १५० रुपये कोण देणार?

२००६ च्या ऑगस्टमध्ये टाटा स्काय आली, २००८ मध्ये बिग टीव्ही आणि एअरटेल. एकमेकांशी अशी चढाओढ लागली की तीन-चार हजारांचा संच दीड हजाराच्या आसपास आला आणि वर काही महिने फुकट. कंपन्या तोटा सोसून गिऱ्हाईक धरत होत्या. मी २००७ ला निवृत्त झालेलो, वेळ भरपूर. मी काय केले, निरनिराळ्या कंपन्यांची पत्रके गोळा करून एका फुलस्केपवर तक्ता आखला. डावीकडे वाहिन्या, वर कंपन्या, शेवटच्या रकान्यात आमची केबल. पहिले वर्ष धरले तर डिश थोडी महाग, पुढे जवळपास बरोबरी, चित्र मात्र स्वच्छ आणि पावसात खांब पडण्याची भीती नाही. (पावसात छत्री स्वतःच रुसते हे पुढच्या जूनमध्ये कळले.) तो तक्ता मी कौतुकाने गल्लीत फिरवला. दिवाळीपर्यंत अकरा घरांवर छत्र्या लागल्या. पहिली आमची.

तो शेवटचे पैसे न्यायला आला. चिडला वगैरे नाही. सौ.ने चहा दिला, तो प्यायला आणि म्हणाला, "काकू, सरांचा तक्ता मला पण बघायचाय." पाहिला. मग खांद्यावरच्या पिशवीतून दोन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "सर, तुम्ही यातला एक रकाना विसरलात."

एका वहीत ६४० घरे होती. दुसरीत ११०.

दुसरी वही वरच्या कंपनीला दाखवायची. वाहिन्यांचे पैसे जोडण्यांच्या संख्येवर, आणि संख्या तो सांगेल ती. मोजणार कोण आणि कसे? हे एकट्या त्याचे नव्हते, देशभर हीच रीत होती आणि सगळ्यांना ठाऊक होती. समजा, सगळ्या सशुल्क वाहिन्यांचे घरटी १०० रुपये होतात. ६४० घरांचे ६४ हजार भरायला हवेत. तो ११० घरांचे ११ हजार भरणार, म्हणजे खरी पडताळ घरटी सतरा रुपये. डिशवाल्याच्या प्रत्येक डब्यात कार्ड, त्याला एकही घर लपवता येत नाही. न्यायाधिकरणापर्यंत भांडून २००६ मध्ये डिशला केबलच्या निम्म्या दराने वाहिन्या मिळाल्या, तरी आमच्या उदाहरणात पन्नास झालेच. सतरापुढे पन्नास! केबल स्वस्त होती ती या वहीमुळे, आणि मी मात्र तक्त्यात तिची तुलना कंपन्यांच्या छापील दरांशी करत बसलो होतो.

मला हसू आले आणि रागही आला. आम्ही शाळामास्तर, पटाशी आयुष्यभर संबंध. २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा नसलेली मुले हजेरीपटावर सापडल्याचे सगळ्यांनी वाचले असेल. तिथे पट फुगवायचा कारण अनुदान डोक्यावर मिळते, इथे पट लपवायचा कारण पैसे डोक्यावर द्यावे लागतात. मी त्याला म्हटले, "अरे, ही चोरीच की." तो म्हणाला, "हो सर. पण आजीबाईंना शंभरात देतो ते यातूनच."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही नीटसे सुचलेले नाही.

अकरा घरांनी तो बुडाला नसता. दर मात्र त्याला पुढे चार वर्षे वाढवता आला नाही, कारण तक्ता आता लोकांच्या डोक्यात होता. पण खरा धक्का दराचा नव्हताच. घरे मोजता येतात हे डिशने दाखवून दिले. एकदा ते दिसल्यावर वाहिनीवाले, सरकार, ट्राय कुणीच त्या दुसऱ्या वहीवर समाधान मानणार नव्हते. मुंबईत याची चुणूक आधीच आली होती. गिरगावातल्या माझ्या साडूकडे २००६ च्या शेवटच्या दिवसापासून 'कॅस' लागू झाले : किमान ३० निःशुल्क वाहिन्या ७७ रुपयांत, आणि सशुल्क वाहिनी प्रत्येकी ५ रुपये. दहा निवडा, १२७ रुपये अधिक कर. साडू खूश. ते ७७ केबलवाल्याचे, पण सशुल्क वाहिन्यांच्या पैशांत त्याचा वाटा २५ टक्के. डबा घ्यायचाच आहे तर केबलचाच का, असे म्हणून त्याच्या शेजाऱ्यांनी डिश घेतली, ही गोष्ट वेगळी.

मग २०११ चा कायदा. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर जुनी वायर मुकी झाली, पुण्या-सोलापूरची मुदत मार्च २०१३, आणि आमच्यासारख्या गावांची डिसेंबर २०१५. प्रत्येक घरी डबा, प्रत्येक डब्याला क्रमांक. वही एकच उरली.

१ फेब्रुवारी २०१९ पासून तर वाहिनीची किंमत वाहिनीवाल्यानेच छापायची आणि ग्राहकाने ती डिशवर घ्या वा केबलवर, त्याहून जास्त पडायची नाही, असे झाले. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. १३० पैकी, वेगळा करार नसेल तर, स्थानिक केबलवाल्याला ४५ टक्के. मी लगेच हिशेब केला : साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात वायर, ॲम्प्लिफायर, दोन पोरांचे पगार आणि पावसात खांबावर चढणे. फौजदार असोत की आजीबाई, पैसे आधी भरले नाहीत तर डबा आपोआप बंद. आजीबाई तोवर राहिल्या नव्हत्या हे एका परीने बरेच.

त्या फेब्रुवारीत तो वाहिन्यांच्या याद्यांचा गठ्ठा घेऊन आला. "सर, तुमचे अक्षर चांगले आहे, लोकांना समजेल असा तक्ता करून द्या." दोन रात्री बसून करून दिला. पैसे विचारले त्याने, मी नाही म्हटले.

आता त्याच्या वायरीतून मुख्यतः इंटरनेट येते. नातवंडे टीव्ही लावतात कुठे, सगळे मोबाइलवर. डिश आम्ही २०२१ मध्ये बंद केली आणि जोडणी पुन्हा त्याच्याकडून घेतली. गेल्या महिन्यात पावती दिली त्यावर ग्राहक क्रमांक होता २१८. मी विचारले, "हा खऱ्या वहीतला की दुसऱ्या?"

"खऱ्या, सर," तो म्हणाला. "एवढेच उरलेत."