थोरलीचे नाव

दोन वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावस्या. पाटावर बसून मी वडील, आजोबा, पणजोबा अशी नावे सांगत गेलो. मग आई, मग आजी. पणजीपाशी आलो आणि गुरुजींनी हात थांबवला. "पणजोबांची दोन लग्ने ना? थोरलीचे नाव काय?"

घरात कुणालाच ठाऊक नव्हते. धाकटी पणजी पुष्कळ जगली, तिचे नाव साऱ्या पिंप्राळ्याला पाठ. थोरली १९१८ सालच्या साथीत गेली आणि आमचे आजोबा तेव्हा रांगत होते, एवढीच वार्ता उरलेली. पानिपतावर कोणाचा तळ कोठे पडला हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. आणि माझ्याच चुलीपुढे बसलेल्या बाईचे नाव मला सांगता येऊ नये!

पहिली धाव धुळ्याला घेतली. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाल्यावर जळगावला जिल्ह्याचा मान मिळाला. त्यामुळे जुन्याचा माग काढणाऱ्याची पावले धुळ्याकडे वळतातच. शिवाय तेथे राजवाडे संशोधन मंडळ आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पण अखेरीस ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. हा गृहस्थ वाड्यावाड्यांतून, माळ्यामाळ्यांवरून कागद मागत हिंडला, म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड निघू शकली.

ते कागद पाहून छाती दडपते. पुण्याच्या पेशवे दप्तराचे तर विचारूच नका. तेथे रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत आणि बहुतेक मोडीत. पण त्यांत कोण सापडतो? ज्याला वतन होते, ज्याने सारा भरला किंवा थकवला, जो भावाशी भांडला. आमच्या घराण्याला सनद होती अशी दंतकथा मीही लहानपणी ऐकली आहे. ती सापडली असती तरी तिच्यात पणजोबांचे पणजोबा भेटले असते, पणजी नव्हे. सरदाराच्या घोड्याचे नाव बखरीत येते, त्याच्या सुनेचे येईलच असे नाही.

मग म्हटले, गावचेच दफ्तर पाहावे. जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात असते आणि ही बुके तालुक्याच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात. अर्ज केला. मधल्या काळात मोडी शिकलो. चाळिशीनंतर पुन्हा मुळाक्षरे गिरवणे ही मास्तराला चांगलीच शिक्षा आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली असती तर त्यांना फार समाधान वाटले असते. १९१८ चे शेवटचे महिने उघडले. इन्फ्ल्युएंझाने त्या साली हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, हे वाक्य मी वर्गात कितीदा उच्चारले असेल. पण एकाच गावची, एकाच कित्त्याची, एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप' अशी उतरंड पाहिल्यावर बोट पुढे सरकेना. त्यांत ती सापडली. पुढे पणजोबांचे नाव, आणि त्याला जोडून 'याची बायको'. बस्स. आजोबांच्या जन्माची नोंद काढली, तीत बापाचेच नाव.

वाट दाखवली ती मोडी शिकवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी. "अस्थी कुठे नेल्या असतील?" त्यांनी विचारले. जळगावाहून गाडीत बसले की नाशिक! रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखून आहेत. गाव, ज्ञाती आणि आडनाव सांगायचे, म्हणजे त्या गावचे उपाध्ये कोण ते कळते. सरकारी बुकात करापुरता आणि मरणापुरता माणूस; या वह्यांत भाऊ, मुले, सुना, कोण कशासाठी आले, सारे येते, आणि पुष्कळदा यजमानाच्या हातचे.

लांबट वही मांडीवर घेऊन उपाध्ये पाने उलटत होते. शके १८४०, मार्गशीर्ष. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९१८. पणजोबांचे अक्षर मी प्रथमच पाहिले. मोठे, वाकडे, शाई मध्येच फुटलेली. आपले नाव, वडिलांचे, मुलाचे. आणि शेवटी, 'स्त्री अमुक, हिच्या अस्थी'. ते अमुक मी दोनदा वाचले.

रात्री घरी आलो. आत्या जागीच होती. वय ऐंशीच्या पुढे. घरात, गावात सगळे तिला ताई म्हणतात. मी नाव सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही.

"हे तर माझं पाळण्यातलं नाव," ती म्हणाली. "बापूंनी ठेवलेलं. पण आजीसमोर त्या नावानं मला कधी कुणी हाक मारली नाही. मी समजायची, तिला ते आवडत नसेल."

यंदाच्या सर्वपित्रीला ती भिंतीशी पाट घेऊन बसली होती. पणजीची पाळी आली तेव्हा माझ्या आधी तिनेच नाव सांगितले.