मुमताज महालच्या लेकी

मुलांची सहल आगाखान पॅलेसला न्यायची, हा आमच्या शाळेचा जुना नेम. नगर रस्त्यावरच्या त्या कमानींच्या वाड्यात मुले कस्तुरबांच्या आणि महादेवभाईंच्या समाधीपुढे हात जोडतात, गांधीजींची खोली पाहतात आणि मग झाडाखाली बसून डबे सोडतात. मागच्या हिवाळ्यात पोळीचा घास घेता घेता सहावीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, हे आगाखान राजे होते का?"

"राजे नव्हेत. इस्माइली पंथाचे धर्मगुरू."

"मग ते करत काय?"

मी बोलून गेले, "घोडे पाळत." सगळा वर्ग खो खो हसला. पण उत्तर अगदीच चुकीचे नव्हते.

घोड्यांचे वेड मला लागले ते एका कादंबरीमुळे. तिच्यात एक म्हातारा मोतद्दार आणायचा होता आणि मला घोड्यातले ओ की ठो कळत नव्हते. म्हणून शर्यतीच्या घोड्यांवरची पुस्तके मिळवून वाचू लागले. मोतद्दार कादंबरीतून केव्हाच गळाला. पुस्तके मात्र उशाशी राहिली. रेस म्हटले की आपल्या घरांतून भुवया चढतात हे मी जाणून आहे. मी आजवर कुठल्याही घोड्यावर एक रुपया लावलेला नाही, एवढे सांगून ठेवते आणि मूळ गोष्टीकडे वळते. गोष्ट एका घोडीची आहे.

तिसरे आगाखान, सुलतान महंमद शहा, यांचा जन्म १८७७ चा, कराचीचा, वाढले मुंबई-पुण्यात. पुण्याचा हा वाडा १८९२ मध्ये उभा राहिला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. घोड्यांची आवड घराण्यातच होती. परंतु इंग्लंडच्या मैदानावर आपली पागा उभी करायची हे त्यांनी चाळिशी उलटल्यावर मनावर घेतले. त्यासाठी जॉर्ज लॅम्ब्टन नावाचा एक नामांकित जाणकार गाठला. हा गृहस्थ त्यांचे घोडे शिकवायला तयार नव्हता, पण निवडून द्यायला राजी झाला. १९२२ मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात लॅम्ब्टनने एका वर्षाच्या शिंगरावर बोली लावली ती ९,१०० गिनींवर जाऊन थांबली. त्या वेळच्या हुंडणावळीने ही रक्कम लाख रुपयांच्या वर जाते. आणि हे शिंगरू मादी होते!

तिचा बाप 'द टेट्रार्क'. आपल्याकडे ज्याला सब्जा म्हणतात तसल्या करड्या रंगाचा. त्यावर कुणी चुन्याचे हात झाडावेत तसे पांढरे डाग. १९१३ मध्ये हा सात शर्यती धावला, सातही जिंकला आणि पाय दुखावून कायमचा बसला. आई लेडी जोसेफाइन, तीही लहान पल्ल्याची वेगवान. लेकीने बापाचा रंग घेतला आणि दोघांचाही वेग.

आगाखानांनी नाव ठेवले मुमताज महाल.

हे नाव ठेवताना त्यांच्या डोळ्यांपुढे ताजमहाल असेल. माझ्या डोळ्यांपुढे बऱ्हाणपूर येते. बादशहा शाहजहान दख्खनच्या स्वारीवर असता तिथेच १६३१ मध्ये त्याची ही बेगम चौदाव्या बाळंतपणात गेली. आग्ऱ्याला नेण्यापूर्वी तिचा देह काही महिने तापीकाठच्या झैनाबादच्या बागेत विसावला होता. तिचे पाळण्यातले नाव अर्जुमंद बानू. मुमताज महाल हे तिला मिळालेले, वाड्याचे भूषण अशा अर्थाचे नाव. आणि जगाने लक्षात ठेवले ते तेच. असो.

१९२३ च्या वसंतात ही घोडी न्यूमार्केटला प्रथम धावली आणि जिंकली. जून महिन्यात अ‍ॅस्कॉटला क्वीन मेरी स्टेक्स होती. पाच फर्लांग, म्हणजे आपला सुमारे एक किलोमीटर. शर्यत मिनिटभरात आटोपते. एवढ्याशा अंतरात कितीसा फरक पडणार? एरवी अशा ठिकाणी मानेवर, नाकावर निकाल लागतात. मुमताज महाल दहा घोडे एकापुढे एक उभे राहतील इतक्या अंतराने पुढे होती. लगाम ढिला पडताच ती एकदम वेग घेई आणि बाकीच्यांची शर्यत तिथेच संपे. इंग्रजी पत्रांनी तिला 'उडती घोडी' म्हणायला सुरुवात केली. सँडाउन, गुडवुड, डॉनकास्टर, जिथे गेली तिथे तेच. पाच शर्यती, पाच विजय.

सहावी केम्प्टनला. जमीन ओली, जड झालेली. अर्कॅडने तिला अर्ध्या लांबीने मागे टाकले. पण खरी परीक्षा पुढच्या वर्षी होती. तीन वर्षांच्या माद्यांची थाउजंड गिनीज ही शर्यत पुऱ्या एका मैलाची. मुमताज महाल सवयीप्रमाणे पुढे निघाली, बराच वेळ पुढेच राहिली आणि शेवटच्या टप्प्यात तिचा दम सरला. प्लॅक नावाची घोडी तिला ओलांडून गेली. अ‍ॅस्कॉटला पुन्हा एक मैल. तिथे तर पहिल्या तिघांतही नाही. जाणत्यांनी माना डोलावल्या : वेग आहे, दम नाही. मग शहाणपण सुचले आणि तिला पुन्हा पाच-सहा फर्लांगांवर आणले. गुडवुडची शर्यत तिने जिंकली. यॉर्कची नन्थॉर्प सहा लांबींनी जिंकली आणि मैदान सोडले. एकूण दहा शर्यती, सात विजय.

आता ती आई होणार होती. तिच्या पोटी लहान पल्ल्याचेच घोडे येणार, डर्बीसारख्या दीड मैलाच्या शर्यतीत त्यांचे काय काम, असा हिशेब कुणीही मांडला असता.

इथे जरा थांबून एका पुस्तकाविषयी सांगितले पाहिजे. मला या सगळ्या वाचनात सर्वांत चकित केले ते त्याने. १७९१ मध्ये जेम्स वेदरबी याने इंग्लंडमधल्या शर्यतीच्या घोड्यांची वंशवही छापली. 'जनरल स्टड बुक' तिचे नाव. सारे जग अरबी आणि तुर्की नरांची नावे घेते. डार्ली, गोडॉल्फिन, बायर्ली. या तिघांपासून सगळी जात झाली म्हणून सांगते. पण ही वही उघडा. ती लावलेली आहे घोड्यांच्या आयांच्या नावांनी! एकेका घोडीचे नाव, खाली तिची शिंगरे, वर्षे, रंग, आणि शिंगराचा बाप. पुढे ब्रूस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने या मातृकुळांना क्रमांक दिले. त्याने त्यावर रचलेली उपपत्ती टिकली नाही, क्रमांक मात्र आजही चालतात. मुमताज महालचे कूळ नववे.

आमच्या सासरी बैठकीच्या खोलीत वंशवृक्ष टांगलेला आहे. बारा पिढ्यांचा. मूळ पुरुष बुंध्यात, मग फांद्या, मग पाने, पानापानावर नाव. सुबक अक्षर आहे. त्यात एकाही बाईचे नाव नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नव्हते. वेदरबीची वही वाचल्यापासून मात्र तिथून जाताना नजर त्या पानांकडे जाते आणि वाटते, ही फळे लागली कुणाला?

मुमताज महालच्या लेकींकडे परत येऊ. १९२८ ची माह महाल. शर्यतीत तिने फारसे नाव केले नाही. तिचा मुलगा महमूद. आजीसारखाच सब्जा, अंगाने लहानसा. १९३६ च्या डर्बीत तो उतरला तेव्हा आजीचा दम कमी होता ही गोष्ट सर्वांना पाठ होती. दीड मैल त्याने दोन मिनिटे ३३.८ सेकंदांत पार केले. एप्सम डर्बीचा हा विक्रम १९९५ पर्यंत, एकोणसाठ वर्षे, कुणाला मोडता आला नाही.

दुसरी लेक १९३२ ची मुमताज बेगम. तिचा मुलगा नसरुल्ला. हे एक विलक्षण प्रकरण. देखणा, ताकदवान आणि हट्टी; मनात आले तर धावायचे, नाहीतर जागेवरून हलायचे नाही. वर्गात असा एखादा मुलगा असतोच. युद्धामुळे डर्बी तेव्हा एप्समऐवजी न्यूमार्केटला होई. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे नसरुल्ला तिसरा आला. त्याच उन्हाळ्यात मालकाच्या पुण्याच्या वाड्यात गांधीजी आणि कस्तुरबा कैदेत होते. महादेवभाई आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले होते. पुढच्या फेब्रुवारीत कस्तुरबाही गेल्या. मुलांना या दोन गोष्टी एका दमात सांगणे मला काही जमले नाही.

तिसरी लेक रुस्तम महाल. तिचा मुलगा अ‍ॅबरनंट, १९४६ चा, पुन्हा सब्जा. सतरापैकी चौदा शर्यती जिंकला. त्याच्या काळचा तो सर्वांत वेगवान. आणि १९४९ मध्ये टू थाउजंड गिनीजच्या त्याच एका मैलावर शेवटच्या क्षणी, केवळ डोक्याच्या अंतराने हरला. आजीच हरली जणू!

युद्धकाळात आगाखानांनी महमूदला अमेरिकेला विकून टाकले. पुढे नसरुल्लाही आयर्लंडमार्गे तिथेच गेला. इंग्रजांनी यावर पुष्कळ हळहळ केली. नसरुल्ला अमेरिकेत पाच वेळा वर्षाचा अव्वल पिता ठरला. त्याच्या मुलाचा मुलगा सेक्रेटेरियट, ज्याने १९७३ मध्ये बेलमाँटची शर्यत ३१ लांबींनी जिंकली. महमूदची गोष्ट मला अधिक आवडते, कारण ती पुन्हा लेकींवर येते. त्याची एक मुलगी अल्महमूद. तिला दोन मुली, नताल्मा आणि कॉस्मा. नताल्माचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, कॉस्माचा हेलो. ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांना पुढचे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की आज जगातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर, लंडनपासून टोकियोपर्यंत, धावणाऱ्या घोड्याची वंशावळ उलगडली तर कुठे ना कुठे तिचे नाव सापडण्याचा संभव फार मोठा.

ती स्वतः १९४५ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावली. माह महालची मुलगी माह इराण, तिची स्टार ऑफ इराण, तिची पेटीट एत्वाल. सब्जा रंग आईकडून मुलीकडे पाटल्यांसारखा चालत आला होता. हा रंग पिढी गाळून येत नाही; एकदा सुटला की त्या शाखेतून गेला. पेटीट एत्वालने १९५९ मध्ये एक मैलाची ती थाउजंड गिनीज जिंकली, पणजीच्या आईला जिच्यात हार खावी लागली होती ती! त्याच वर्षी दीड मैलाची ओक्सही जिंकली. तिला शिंगरे मोजकीच झाली आणि लोक तिला अपयशी आई म्हणू लागले. त्या मोजक्यांतली एक झहरा. तिच्या लेकींच्या लेकींतून २००५ मध्ये झारकावा जन्मली. सात शर्यती धावली, सातही जिंकली. २००८ ची पॅरिसची आर्क द त्रियोंफसुद्धा.

जनुकशास्त्र मला मॅट्रिकपुरतेच कळते. तरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन मी पुन्हा पुन्हा वाचले. लहान पल्ल्याचा वेग देणारा जो जनुकाचा प्रकार आहे तो या जातीत आला कुठून, याचा शोध शास्त्रज्ञ घेत होते. अरबस्तानातून आणलेल्या त्या नामांकित नरांकडून असेल असा अंदाज असणार. निष्कर्ष निघाला तो वेगळाच : सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या, बहुधा एकाच, ब्रिटनमधल्या साध्या गावठी घोडीकडून. तिचे नाव वेदरबीच्याही वहीत नाही.

सहलीनंतर वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याच मुलाने विचारले, "बाई, त्या घोडीच्या आईच्या आईचं नाव काय?" "अमेरिकस गर्ल." "आणि तिच्या आईचं?" "पलोटा." मला पाठ होते. मग मीच मुलांना गृहपाठ दिला : आई, आईची आई, तिची आई, नावे लिहून आणा. चाळीसपैकी सहा जणांना तिसरे नाव लिहिता आले. घरी येऊन मीही वही उघडली आणि तिसऱ्या ओळीवर अडले.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, वाईला असते. नव्वदीची आहे, पण तल्लख. दिवाळीचा फराळ घेऊन गेले तेव्हा विचारले, "मावशीआजी, तुमच्या आईचं नाव काय गं?"

"आईचं? अगं, आम्ही सगळी भावंडं तिला वहिनीच म्हणायचो. काका-आत्या म्हणत, म्हणून आम्हीही."

"पण नाव?"

तिने हातातला चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला. "सासरचं रमा होतं वाटतं. की ते धाकट्या काकूचं?" बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "चिपळूणची कुसुम सांगेल बघ. मोठी आहे माझ्याहून. पण तिला आता ऐकू येत नाही, तू पाटीवर लिहून विचार."