रिसर्पीन
रिसर्पीन : सर्पगंधेच्या मुळांपासून मिळणारे शामक अल्कलॉइड. उन्माद व निद्रानाश यांवर ही मुळे भारतात पूर्वापार दिली जात. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये त्यांच्या शामक व रक्तदाब उतरविणाऱ्या गुणांची नोंद केली. परंतु ती देशाबाहेर फारशी पोहोचली नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील निरीक्षणे 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्यावरच पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी रिसर्पीन वेगळे केले व लवकरच ते छिन्नमानसाच्या रुग्णांनाही देण्यात येऊ लागले.

रुग्ण शांत होत. मात्र काहींना कंपवातासारखा ताठरपणा येई. याचे कारण मागाहून उलगडले. मेंदूतील काही तंत्रिका कोशिकांत डोपामीन सूक्ष्म पुटिकांमध्ये साठविलेले असते. रिसर्पिनामुळे ही साठवण बंद पडते, पुटिकांबाहेर राहिलेले डोपामीन एंझाइमाच्या क्रियेने नष्ट होते आणि पुढील कोशिकेकडे संदेश जाईनासा होतो. नॉरॲड्रेनॅलिनाचा साठाही असाच संपतो व रक्तदाब उतरतो. स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनी 1957 मध्ये रिसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना एल्-डोपा हे डोपामिनाचे पूर्वद्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. औषधाच्या अपायातूनच अशा रीतीने कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक, तर कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एल्-डोपा हे द्रव्य रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही असते.