बारा वाजलेली घड्याळे

बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला स्वतःचे काहीतरी मोजावेसे वाटू लागते. माझे स्वतःचे पैसे मोजून लगेच संपतात, म्हणून मी वेळ मोजायला घेतली. आज माझ्या खणात ३१ जुनी डिजिटल घड्याळे आहेत. त्यांतली ९ चालतात. आमची सौभाग्यवती म्हणते, "तुमच्या बँकेची वसुली याहून बरी असेल हो!"

या घड्याळांचा इतिहास मोठा मजेदार आहे. सुरुवात अगदी श्रीमंतीत झाली. १९७२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या हॅमिल्टन कंपनीने 'पल्सर' नावाचे घड्याळ विकायला काढले. काटे नाहीत, टिकटिक नाही. काळ्या काचेमागे लाल आकडे. सोन्याच्या डबीतल्या या घड्याळाची किंमत होती २,१०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सोळा हजारांच्या घरात. आमच्या वडिलांची मास्तरकीची कैक वर्षे त्यात खर्ची पडली असती. बरे, एवढे मोजूनही वेळ आपोआप दिसायची नाही. ते लाल दिवे बॅटरी फार खायचे, म्हणून बटण दाबले तरच आकडे उजळत. एका हातातले घड्याळ बघायला दुसरा हात रिकामा पाहिजे! १९७३च्या सिनेमात जेम्स बाँडने ते वापरले ते बरोबरच आहे. त्याला कुठे दोन हातांत दोन पिशव्या घेऊन इतवाऱ्यातून भाजी आणायची होती?

पुढे घसारा सुरू झाला. मी कॉमर्सचा माणूस. घसारा सरळ रेषेने काढतात किंवा घटत्या शिलकेवर काढतात, एवढे मला पाठ आहे. या घड्याळांनी तिसरीच पद्धत दाखवली, विहिरीत उडी मारण्याची. १९७६ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचे घड्याळ २० डॉलरला आणले आणि पुढच्या वर्षी १० डॉलरला! तिकडे जपानात सेइकोने १९७३ साली बटण न दाबता सतत वेळ दाखवणारे, सहा आकड्यांचे एलसीडी घड्याळ काढले होते. १९७४ साली कॅसिओचे घड्याळ आले, त्याला तर महिना तीसचा की एकतीसचा हेही कळे. आमच्या शाखेत अजून काही जण त्यासाठी मुठीची हाडे मोजतात.

आपल्याकडे मात्र एचएमटीचे राज्य होते. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगलोरला कारखाना निघाला आणि सारा देश रोज सकाळी चावी देऊ लागला. वडील पुण्याच्या सात पाचच्या बातम्या लागल्या की चावी द्यायचे. परदेशी घड्याळ बाळगणे म्हणजे जोखीम. १९६२च्या कस्टम्स कायद्याचे १२३ वे कलम तुम्ही वाचले आहे का? त्यात सोन्याच्या मांडीला मांडी लावून घड्याळ बसले आहे. चोरटा माल समजून ते जप्त झाले, तर ते चोरटे नाही हे ज्याच्याकडे सापडले त्यानेच सिद्ध करायचे!

अशा काळात, १९८६च्या उन्हाळ्यात, अकोल्याचे मामा आमच्याकडे अमरावतीला आले आणि त्यांनी वडिलांच्या मनगटावर एक हाँगकाँगी घड्याळ बांधले. म्हणाले, "भाऊजी, पाण्यात टाका, काही होत नाही याले!"

वडिलांनी हे हसण्यावारी नेले. मी मात्र सात वर्षांचा होतो आणि मामांवर माझा पूर्ण विश्वास होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील झोपल्यावर मी ते घड्याळ माठात सोडले. तासाभराने काढून, पुसून जागच्या जागी ठेवले. संध्याकाळी त्यात सगळीकडे आठच आठ दिसू लागले आणि रात्री तेही दिसेनासे झाले. वडील आईला म्हणाले, "तुझा भाऊ अन् त्याचं घड्याळ, दोन्ही दिखाऊ!" हे शब्द अकोल्याला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. पुढे लग्नाकार्यात दोघांचे नमस्कार होत राहिले, पण मामा आमच्याकडे मुक्कामाला म्हणून पुन्हा आले नाहीत. आई दर दिवाळीला वाट बघायची. मी गप्प राहिलो. आधी माराच्या भीतीने, आणि नंतर फार उशीर झाला म्हणून.

नोकरीमुळे मी बडनेरा-अकोला अप-डाउन करतो. मागच्या वर्षी अकोल्यात एका म्हाताऱ्या घडीवाल्याच्या डब्यात मला हुबेहूब तसेच घड्याळ दिसले.

"कायले घेता साहेब? चालत नाही ते."

"म्हणूनच तर घेतो."

बिनजामिनाच्या कर्जदाराकडे मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

घरी येऊन दोन्ही उघडली. नव्यातले बॅटरीचे गंजलेले टोक व्हिनेगर लावून घासले. काचेला वीज पोचवणारी रबराची बारीक पट्टी पुसली. आतले यंत्र जुन्या डबीत बसवले. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. काचेवरच्या खास फिल्ममुळे आकडे काळे दिसतात. ती खराब झाली होती, म्हणून नवी कापून लावली. बॅटरी घालताच घड्याळात बारा वाजले, पण पाटी काळी अन् आकडे पांढरे! फिल्म आडवीच्या ऐवजी उभी लागली होती.

वडील आता ऐंशीला टेकले आहेत. ते घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हे बरं केलंस. फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखं दिसतं." मग मी माठाची गोष्ट सांगून टाकली. ते बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला उगाच..." वाक्य अर्धेच राहिले. म्हणाले, "अकोल्याला फोन लाव."

मामांनी फोन उचलला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, वडील म्हणाले, "तुझं घड्याळ चालू झालं. सहा बारा झाले."

पलीकडून आवाज आला, "भाऊजी, सहा आठच झाले. म्या सांगतो, तुमचं पुढं हाय!"

"तूच दिलेलं आहे ते!"

वाद वीस मिनिटे चालला. शेवटी कोणाचे घड्याळ बरोबर हे प्रत्यक्ष बघायलाच येत्या रविवारी मामा मुक्कामाला येत असल्याचे जाहीर झाले. आईने त्याच दिवशी गाद्यांना ऊन दाखवले.

ती चार मिनिटे मी मागे घेऊ शकलो असतो. घेतली नाहीत.